गरम वाऱ्यावरचा स्वयंपाक

एअर फ्रायर म्हणजे वरच्या बाजूला विजेची कॉइल आणि तिच्यावर जोरात फिरणारा पंखा बसवलेली एक लहान, बंदिस्त भट्टी. कॉइल तापते, पंखा तिच्याभोवतीची हवा खाली ढकलतो, ती हवा जाळीच्या भांड्यातल्या पदार्थाला चहूबाजूंनी लागून पुन्हा वर जाते आणि परत तापते. घरगुती यंत्रांत तापमान साधारण ८० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवता येते आणि वीज १२०० ते १७०० वॉट लागते. कढई आणि हे यंत्र यांच्यात साम्य एवढेच, की दोन्हींतून पदार्थ कुरकुरीत होऊन बाहेर पडावा अशी अपेक्षा असते. आत काम चालते ते भाजण्याचे. हे एकदा मान्य केले की यंत्राकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे बरेचसे आपोआप ठरते. ज्या घरांत ते महिनाभरात माळ्यावर जाते, तिथे बहुधा कढईचीच कामे त्याला सांगितलेली असतात.

पंख्याने गरम हवा खेळवण्याची कल्पना जुनी आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन याने विमानातल्या सैनिकांना गोठवलेले जेवण गरम करून देता यावे म्हणून पंखा बसवलेली छोटी भट्टी बनवली होती. पुढे बेकऱ्या आणि हॉटेलांतून अशाच तत्त्वावरचे कन्व्हेक्शन ओव्हन रुळले. आजचा ओट्यावरचा एअर फ्रायर मात्र एका डच अभियंत्याच्या खटपटीतून आला. कमी तेलात कुरकुरीत फ्राईज करण्याच्या मागे लागलेल्या फ्रेड व्हॅन डर वेय याने त्याचा पहिला नमुना तयार केला. फिलिप्स कंपनीने ते तंत्र घेतले आणि २०१० मध्ये बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात ‘एअरफ्रायर’ जगापुढे मांडला. म्हणजे हे यंत्र मुळात बटाट्यासाठी जन्मले आहे, आणि बटाट्याच्या बाबतीत ते अजूनही सर्वांत भरवशाचे आहे.

तळणीत नेमके काय घडते, हे पाहिले की फरक लक्षात येतो. १७०–१८० अंशांचे तेल पदार्थाला एकदम सगळ्या बाजूंनी भिडते. पृष्ठभागावरच्या पाण्याची क्षणात वाफ होते. कढईतले बुडबुडे आणि चुर्र आवाज या वाफेचेच. वाफ जोराने बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. पदार्थ झाऱ्यावर आला आणि निवू लागला की वाफेने मोकळ्या केलेल्या बारीक पोकळ्यांत वरचे तेल ओढले जाते. तळण गरम असतानाच नीट निथळावे, हा जुन्या बायकांचा आग्रह शास्त्राला धरूनच आहे. तळलेल्या फ्राईजमध्ये वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के तेल असते, तर पातळ बटाटा वेफर्समध्ये ते एक तृतीयांशाच्या आसपास जाते.

हवा हे काम फार हळू करते. तापमानाचा आकडा तोच असला, तरी तेलाच्या तुलनेत हवेतून पदार्थाला मिळणारी उष्णता कित्येक पटींनी कमी असते. पंख्याच्या जोराने ती वाढते, पण तेलाची बरोबरी होत नाही. पुरी फुगते ती आतल्या पाण्याची काही सेकंदांत वाफ होऊन दोन्ही पापुद्रे वेगळे झाल्याने. गरम हवेत तेवढी वाफ जमायच्या आतच वरचा थर सुकतो आणि पुरीची खारी पापडी होते. भज्यांचे तर त्याहून वाईट. सैल पीठ तेलात पडताक्षणी आवळते, हवेत ते आवळण्याआधी जाळीतून खाली गळते. बटाटावड्याचे आवरण, मूगभजी, कांदाभजी, जिलेबी, बुंदी हे सारे तेलाचे किंवा तुपाचे पदार्थ आहेत आणि तसेच राहतील. वड्याचे सारण ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून यंत्रात करता येते आणि चवीला वाईट लागत नाही, फक्त त्याला बटाटावडा म्हणू नये.

तेल वाचते, हे खरे. अर्धा किलो बटाट्याच्या फोडींना कढईत लिटरभर तेल तापवावे लागते. यंत्रात एक टेबलस्पून, म्हणजे १५ मिलिलिटर, पुरते. शिवाय तळणीनंतर उरलेल्या तेलाचा प्रश्न राहत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यात घातक घटक साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तळणीच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची मर्यादा २५ टक्के ठरवली असून हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ ही योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. हा नियम हॉटेले आणि फरसाणवाल्यांसाठी आहे. घरातल्या कढईतले काळपट तेल मात्र कोणी तपासायला येत नाही. ते आठवडाभर भाजीच्या फोडणीत जिरवले जाते. एअर फ्रायरचा आरोग्याला खरा फायदा कुठे असेल, तर तो इथे आहे.

बाकी दाव्यांकडे थोडे सावधपणेच पाहावे. तेल कमी झाले म्हणून बटाट्याचा स्टार्च, मैदा, साखर किंवा मीठ कमी होत नाही. गोठवलेल्या फ्राईज, स्माइली, नगेट्स हे पदार्थ कारखान्यातच एकदा अर्धवट तळून मग गोठवलेले असतात. ‘तेलाशिवाय’ म्हणून ते यंत्रात टाकताना पाकिटावरचा स्निग्ध पदार्थांचा आकडा वाचावा. स्टार्चचे पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे रसायन तयार होते, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. तळणे, भाजणे, बेक करणे या सगळ्यांना ते लागू आहे. गरम हवा त्याला अपवाद नाही. बटाटा सोनेरी होईपर्यंतच ठेवावा, तपकिरी होऊ देऊ नये. बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांच्यातली साखर वाढते. अशा बटाट्यांवर रंग लवकर चढतो आणि अ‍ॅक्रिलामाइडही जास्त होते.

यंत्र घरात आल्यावर पहिला प्रश्न पाककृतीचा नसतो, सॉकेटचा असतो. आपल्याकडे घरोघरी दोन मापांचे सॉकेट असतात: ६ अँपिअरचे लहान आणि १६ अँपिअरचे मोठे. २३० व्होल्टला ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १३८० वॉट घेणे योग्य. १५०० वॉटचा एअर फ्रायर लहान सॉकेटला, त्यातही अ‍ॅडॉप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर मिक्सर आणि फिल्टरच्या शेजारी जोडला, की पिन तापते, बटण काळे पडते आणि कधी प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. ओट्याजवळ मोठे सॉकेट नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र वायर ओढून घेण्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टरवर ते चालवू नये. बहुतेक इन्व्हर्टरांना एवढा भार झेपत नाही. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाचीने प्रेमाने पाठवलेला एअर फ्रायर १२० व्होल्टचा असतो. तो इथल्या २३० व्होल्टला थेट जोडला की काही क्षणांत जळतो. त्याला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर वजनदार आणि महाग असतो, त्यापेक्षा इथे नवे यंत्र घेणे परवडते.

विजेच्या बिलाची भीती मात्र बहुतेक वेळा फुकट असते. १५०० वॉटचे यंत्र अखंड तापत राहिले तरी २० मिनिटांत अर्धा युनिट जळतो. प्रत्यक्षात ठरलेले तापमान गाठल्यावर कॉइल मधूनमधून बंद होते, त्यामुळे खर्च त्याहून कमीच येतो.

यंत्र ठेवायची जागा सपाट, कोरडी आणि उष्णतेला टिकणारी हवी. मागच्या झडपेतून गरम हवा आणि वाफ बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून आणि वरच्या कपाटापासून किमान १० सेंटिमीटर, जमल्यास वीतभर जागा मोकळी सोडावी. प्लायवूडच्या कपाटाखाली रोज चालवले, तर कपाटाचा सनमायका सुटतो. ओट्यावर जागा नाही म्हणून काही घरांत एअर फ्रायर गॅसच्या शेगडीवर ठेवलेला दिसतो. हे अत्यंत धोक्याचे आहे. चुकून बर्नरचे बटण फिरले की खालचे प्लास्टिक पेट घेते.

नवे यंत्र पहिल्यांदा रिकामे चालवून घ्यावे लागते. कॉइलवरचे कारखान्यातले वंगण जळून जाते आणि थोडा वास येतो. माहितीपुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच वेळ, खिडकी उघडी ठेवून हे करावे.

आता बटाटा. फ्राईजसाठी जुना, कोरडा बटाटा घ्यावा. नव्या बटाट्यात पाणी जास्त असते आणि तो मऊच राहतो. सोलून सेंटिमीटरभर जाडीच्या सारख्या फोडी कराव्यात. जाड-बारीक झाल्या की अर्ध्या करपतात आणि अर्ध्या कच्च्या राहतात. फोडी अर्धा तास थंड पाण्यात बुडवून ठेवाव्यात. तळाशी पांढरा गाळ बसतो, तो सुटा स्टार्च. तो गेला की फोडी एकमेकींना चिकटत नाहीत आणि रंगही बेताने चढतो. मग पाणी काढून त्या पंच्यावर पसरून चांगल्या टिपून घ्याव्यात. हीच पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग यंत्राला नावे ठेवतात. ओल्या फोडींतले पाणी वाफ होऊन जाण्यातच पहिली दहा मिनिटे जातात आणि फ्राईज वातड होतात. कोरड्या फोडींना टेबलस्पूनभर तेल हाताने चोळावे. १६० अंशांवर १० ते १२ मिनिटे, मग भांडे बाहेर काढून चांगले हलवून १९० अंशांवर आणखी ८ ते १० मिनिटे. पहिल्या टप्प्यात बटाटा आतून शिजतो, दुसऱ्यात वरून कडक होतो. मीठ शेवटी टाकावे, कारण आधी घातलेले मीठ पाणी सोडायला लावते.

याच कृतीतून सगळ्या यंत्रस्वयंपाकाचे नियम निघतात. पदार्थ एकाच थरात, सुटा मांडावा. हवेला वाट राहिली नाही, तर ती वरच्यावर फिरून परत जाते आणि खालचा थर नुसता वाफवला जातो. चार लिटरच्या भांड्यात चार लिटर पदार्थ मावतो, पण भाजला जातो त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. अर्ध्या वेळात एकदा उलटावे किंवा हलवावे. अगदीच तेल न लावता ठेवलेला पदार्थ कोरडा, खरखरीत होतो. बोटभर तेलाचा हात खमंगपणासाठी लागतोच. ओव्हनची पाककृती वापरायची असेल, तर तापमान २० अंशांनी आणि वेळ पाचवा हिस्सा कमी करून सुरुवात करावी. कंपन्यांनी यंत्रावर छापलेली मासा, कोंबडी, केक अशी चित्रांची बटणे फारशी कामाची नाहीत. ती परदेशी मापांच्या तुकड्यांसाठी आहेत आणि बांगड्याचा आकार त्यांना ठाऊक नसतो.

मराठी स्वयंपाकघरात हे यंत्र चमकते ते आधी वाफवलेल्या पदार्थांत. कोथिंबीर वडी आणि अळूवडी वाफवून, गार करून, कापून ठेवलेली असते. आतून ती शिजलेलीच असते, बाहेरून कुरकुरीत करणे एवढेच उरते. वड्यांना दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावून १९० अंशांवर १० ते १२ मिनिटे, मध्ये एकदा उलटून. तळलेल्या अळूवडीचे सुटे पापुद्रे इथे तेवढे फुलत नाहीत, पण चिंच-गुळाची चव जास्त स्पष्ट लागते आणि वडी हाताला तेलकट लागत नाही. साबुदाणा वड्याच्या बाबतीत तर यंत्र कढईपेक्षा सुरक्षित ठरते. ओलसर वडा तेलात फुटला की गरम तेल अंगावर उडते, इथे ती भीती नाही. वडे चपटे थापावेत, तेल लावावे, १९० अंशांवर १५ ते १८ मिनिटे ठेवावेत. उपवासालाच रताळे सालीसकट अख्खे ठेवले, १८० अंशांवर ३० मिनिटांच्या आसपास, तर आतली साखर सालीजवळ चिकट होऊन जमते. उकडलेल्या रताळ्याला ही चव येत नाही. भरताच्या वांग्याला टोचे मारून तेल लावून २०० अंशांवर २० ते २५ मिनिटे ठेवले की गर छान सुटतो. धुराचा वास मात्र येत नाही, आणि ज्यांना त्या वासाशिवाय भरीत चालत नाही त्यांनी गॅसवरच वांगे भाजावे.

शेंगदाणे भाजण्यासाठी याहून सोयीचे साधन नाही. १६० अंशांवर १० ते १२ मिनिटे, दोनदा हलवून. कढईसमोर उभे राहून उलथणे चालवत राहावे लागत नाही आणि सगळे दाणे सारखे भाजले जातात. बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून थोडे आधीच काढावेत. सादळलेला चिवडा, खारी, टोस्ट, कालचा समोसा किंवा वडा हे सगळे यंत्रात पुन्हा ताजे होतात. मायक्रोवेव्हमध्ये समोसा मऊ पडतो. इथे १६० अंशांवर चार-पाच मिनिटांत वरचे आवरण पुन्हा कडक होते.

किनारपट्टीवरच्या घरांतला प्रश्न माशांचा. रवा लावलेली सुरमई, पापलेट, बांगडा यंत्रात नीट होतात. आले-लसूण, हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावून मुरवलेल्या तुकड्यावर रवा आणि तांदळाचे पीठ दाबून लावावे, वरून तेल शिंपडावे, १९० अंशांवर १२ ते १५ मिनिटे ठेवावे. रव्याला तेल लागले नाही, तर तो पांढराच राहतो आणि दाताखाली वाळूसारखा येतो. गोव्याकडचा रेशादो मसाला भरलेला बांगडाही चालतो, मात्र मसाला बाहेर सांडून खालच्या ड्रॉवरमध्ये करपतो. बोंबलाची गोष्ट वेगळी. तो इतका पाणीदार असतो, की चिरून, मीठ लावून, पाटा-वरवंट्याखाली किंवा जड भांड्याखाली दाबून पाणी काढल्याशिवाय तो यंत्रात घालूच नये. पाणी काढूनही तव्यावरच्या बोंबलाची सर त्याला येत नाही. माशांसाठी जमल्यास वेगळी जाळी ठेवावी. शाकाहारी-मांसाहारी दोघेही एकाच घरात असले, तर ही खबरदारी चवीपेक्षा घरातल्या शांततेसाठी उपयोगी.

दिवाळीच्या फराळापाशी मात्र यंत्राची कसोटी लागते. चकली घ्या. कढईत चकली झाली की नाही, हे तेल सांगते: सोडल्यावर भरभरून येणारे बुडबुडे कमी झाले, की आतले पाणी गेले आणि चकली काढायला झाली. यंत्रात ही खूण नाही. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण हवेत भाजलेली चकली फिकीच राहते. एक चकली काढून, गार करून, मोडून पाहणे हाच उपाय. गरम असताना ती मऊच लागते आणि कडकपणा निवल्यावर येतो. भाजणीत मोहन नेहमीपेक्षा थोडे जास्त घालावे लागते, कारण बाहेरून तेल मिळणार नसते. मोहन कमी पडले, तर चकली दगडासारखी होते. सोऱ्याने चकल्या बटर पेपरच्या लहान तुकड्यांवर पाडून कागदासकट जाळीत ठेवाव्यात, वरून ब्रशने तेल लावावे, १६० ते १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटे ठेवून मध्ये कागद काढून उलटाव्यात. हाताला येणारी चकली काटेरी आणि कुरकुरीत असते, पण तळलेल्या चकलीचे खुसखुशीतपण तिच्यात नसते. एका खेपेत मावतात सात-आठ. किलोभर भाजणीच्या चकल्या करायच्या तर दुपार जाते, म्हणून शेजारीपाजारी ताटे पाठवणाऱ्या घराने कढईच काढलेली बरी.

करंजी आणि शंकरपाळ्यांचे बरे जमते. दोन्हींत मुळातच मोहन भरपूर असते आणि दोन्ही बिस्किटाच्या वंशातले. करंजीवर दूध किंवा तुपाचा हात फिरवून १६० अंशांवर ठेवली, तर पंधरा मिनिटांच्या आसपास ती बदामी होते. कडा नीट दाबल्या नसतील तर सारण बाहेर येते, पण ते तेलात पसरून पुढचा सगळा घाणा खराब करत नाही, हा मोठा दिलासा. शंकरपाळे १६० अंशांवरच, अधूनमधून हलवत. अनारशाचा मात्र विचारही करू नये. अनारशाची जाळी पडते ती तुपात, वरून झाऱ्याने तूप उडवत. हसलेला अनारसा परवडला, पण हवेत भाजलेला म्हणजे नुसती गोड भाकरी. शेवही तेलातच करावी.

पातळ पोह्यांचा चिवडा यंत्रात भाजायचा मोह अनेकांना होतो आणि तो धोक्याचा आहे. पंख्याच्या जोराने पोहे उडून वरच्या कॉइलला चिकटतात, जळतात आणि धूर करतात. कढीपत्त्याची पाने, पापडाचे तुकडे, हलका बटर पेपर यांचेही तेच. रिकाम्या जाळीत कागद घालून यंत्र आधी तापवायला लावणे ही हमखास आग लावण्याची रीत आहे. कागद घालायचाच तर त्यावर पदार्थाचे वजन हवे. जाडे पोहे आणि शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळे वेगवेगळे भाजून घेतले आणि फोडणी गॅसवर केली, तर चिवडा छान होतो. खोबरे तीन-चार मिनिटांत लाल होते, त्यामुळे तिथून हलू नये.

धूर येऊ लागला की बहुधा कारण एकच असते: चिकन किंवा चरबीदार मटणाच्या तुकड्यांतून सुटलेली चरबी खालच्या ड्रॉवरमध्ये जमून तापते. दोन खेपांच्या मध्ये ती ओतून टाकावी. आतून ज्वाळा दिसली, तर यंत्र उघडू नये. बटण बंद करून पिन काढावी आणि निवेपर्यंत बंदच ठेवावे, म्हणजे हवा न मिळाल्याने आग विझते. पाणी ओतू नये. दोष यंत्रातही असू शकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत कोसोरी या ब्रँडचे सुमारे २० लाख एअर फ्रायर परत मागवले गेले, कारण आतल्या वायरची जोडणी अति तापून आग लागण्याचा धोका आढळला होता. वायर किंवा पिन हाताला चटका बसेल इतकी तापत असेल, तर यंत्र वापरणे थांबवून सेवा केंद्राला दाखवावे.

निगेची मोठी बाजू म्हणजे नॉनस्टिकचा थर. स्टीलचा चमचा, चिमटा, तारेची घासणी लागली की त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत तेल शिरून थर सुटू लागतो. लाकडी किंवा सिलिकॉनचा चिमटा वापरावा. बाजारात मिळणारे दाबाच्या डब्यातले तेलाचे फवारे टाळावेत. त्यांतल्या लेसिथिनचा चिकट पापुद्रा तापून थरावर बसतो आणि घासूनही निघत नाही. साध्या बाटलीला पंप लावून किंवा ब्रशने नेहमीचे तेल लावणे उत्तम. नॉनस्टिकमधले पीटीएफई २६० अंशांच्या आसपासपासून विघटित होऊ लागते, असे सामान्यतः मानले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत मात्र नॉनस्टिक भांडी १७० अंशांपलीकडे तापण्याबद्दल सावध केले आहे, विशेषतः रिकामी आचेवर राहिली तर. यंत्र २०० पर्यंत जाते. म्हणून ते रिकामे फार वेळ तापवू नये, थर सुटलेली जाळी वापरू नये, आणि शंका वाटत असेल त्यांनी स्टीलच्या जाळीचे किंवा काचेच्या भांड्याचे मॉडेल घ्यावे. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील, तर त्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफा पक्ष्यांना प्राणघातक ठरतात.

भांडे आणि ड्रॉवर प्रत्येक वापरानंतर धुवावे. गरम भांड्यावर थंड पाणी ओतले की थराला तडे जातात. आधी निवू द्यावे, मग कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण घालून वीस मिनिटे भिजत ठेवावे आणि मऊ स्पंजने पुसावे. चिकटलेले सुटत नसेल, तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून ठेवावी. जाळीच्या भोकांत अडकलेला रवा काढायला जुना दात घासायचा ब्रश चांगला. कॉइल साफ करायला मात्र लोक विसरतात. तेलाचे सूक्ष्म थेंब हवेबरोबर वर जाऊन तिच्यावर बसतात, तापतात आणि पिवळट, चिकट वार्निश तयार होते. पुढे प्रत्येक पदार्थाला शिळ्या तेलाचा वास येतो तो त्याचाच. महिन्यातून एकदा पिन काढून, यंत्र पूर्ण निवल्यावर उलटे करून, पिळलेल्या ओल्या कापडाने कॉइल आणि आतले छत पुसावे. मुख्य यंत्र नळाखाली धरू नये, वर पाणीही मारू नये. माशाचा वास राहिला, तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून ती वाटी काही मिनिटे आत ठेवून यंत्र मंद तापमानावर चालवावे.

आपल्या स्वयंपाकघरांत आणखी एक शत्रू असतो: झुरळे. रात्री कोमट राहणारे यंत्र, मागच्या झडपा आणि आत पडलेला चुरा हा त्यांचा आवडता मुक्काम. एकदा ती सर्किटपर्यंत गेली की बटणे चालेनाशी होतात, आणि असे नुकसान बऱ्याच वॉरंटींत बसत नाही. यंत्र निवल्यावर खालचा चुरा झटकून, कापडी आच्छादन घालून ठेवावे. गरम असताना मात्र झाकू नये.

खरेदी करताना लिटरच्या आकड्यापेक्षा भांड्याच्या तळाची रुंदी पाहावी, कारण पदार्थ तळावर एका थरात मांडायचा असतो. दोघांना चार लिटर पुरते, चार-पाच माणसांच्या घराला सहा लिटरच्या आसपास लागते. दोन कप्प्यांची यंत्रे महाग आणि जागा खाणारी. सुटी जाळी गावात किंवा जवळच्या शहरात मिळते का, याची दुकानात चौकशी करावी, कारण यंत्राआधी जाळी खराब होते. ज्या घरात ओटीजी किंवा कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आधीच आहे, त्यांनी महिनाभर त्यातच वर दिलेल्या वड्या, दाणे आणि बटाटे करून पाहावेत. काम तेच होते, वेळ थोडा जास्त लागतो. एकट्याने राहणाऱ्या, वसतिगृहातून नुकत्याच सुटलेल्या नोकरदार मुलामुलींना आणि दोघांच्याच घरातल्या वयस्क जोडप्यांना हे यंत्र खरोखर उपयोगी आहे. निव्वळ फराळासाठी कोणीही ते घेऊ नये.